जाड आवाजाची सून

नूतनला जी गाणी आवडायची ती ऐकली तर पहूरच्या तिच्या सासरची म्हैससुद्धा वैरण सोडून मान वर करेल. हे हितेंद्रचं म्हणणं. नवऱ्याच्या बोलण्यात निम्मा मीठमसाला असतो हे धरलं तरी त्यात तथ्य होतं. कुठल्या तरी थंड पठारावर घोडे राखणारे लोक एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढतात. कुठे पन्नास बाप्ये काळे कोट घालून रांगेत उभे राहतात आणि चाल बांधून नुसते ओरडतात. कुठे बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरून नदीवरच तळहातांनी ढोल वाजवतात, तर कोणी गाजराला भोकं पाडून त्याची पिपाणी करतो. असलं सगळं नूतन मोबाइलवर हुडकून काढायची आणि कानात नळ्या खुपसून भाकरी थापता थापता ऐकायची.

हा नाद तिला लागला तो माहेरामुळे. तिचे वडील वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे ती जन्मली-वाढली दीपनगरच्या कॉलनीत. तिथे रात्रंदिवस एक घूंऽऽ असा आवाज चालू असतो. पाहुण्यांना तो पहिल्या दिवशी छळतो. कॉलनीतल्या माणसांना तो ऐकूच येत नाही, पण थांबला की सगळे दचकून उठून बसतात. लग्न होऊन नूतन पहूरला आली आणि तिची तीच गत झाली. घर चांगलं, माणसं चांगली, नवरा तर जीव लावणारा, पण रात्र पडली की ती शांतता कानात दडे बसवायची. शेवटी तिने मोबाइलवर तो घूंऽऽ शोधला. सापडला. त्याच्याखाली कोणी साधू खर्जात मंत्र म्हणत होता, साधूच्या खाली एक घोडेवाला गात होता. मोबाइलचं तसंच असतं, एक मागावं तर दहा पुढ्यात टाकतो. त्या घोडेवाल्याचा आवाज पोटातून यायचा, आणि तो ऐकला की नूतनला आपल्या क्वार्टरच्या खिडकीपाशी बसल्यासारखं वाटायचं.

तिची सासू कुंदाबाई साक्रीकडची. एवढी वर्षं पहूरला काढली, पण इकडच्या बोलीचा एक शब्द जिभेला लावून घेतला नाही, बोलायची ती ठसठशीत अहिराणी. गळाही तसाच. श्रावणात खानदेशातली कानबाई देवी बसली की गल्लीत गाणी उचलायचा मान तिचा, बाकीच्या बायका मागून ओढायच्या. नूतन नवी आली तेव्हा याच कुंदाबाईने पहिल्याच सकाळी तिला विचारलं होतं, "तुले काय आवडस, पोरी?" आणि नूतनने लाजत लाजत सांगितलेली शेवभाजी त्याच दिवशी केली होती. वर्षभर दोघींचं गूळ-खोबरं होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

झालं असं, की गेल्या श्रावणात कानबाईसमोर कुंदाबाई गायलीच नाही. "घसा बसना," म्हणाली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. बायका नूतनच्या मागे लागल्या. नूतनचा आवाज बारीक, चांदीच्या घुंगरासारखा. तिने शाळेत शिकलेलं एक देवीचं गाणं म्हटलं, बायकांनी वाहवा केली. कुंदाबाई मात्र शून्य नजरेने बघत राहिली. कौतुकाचा एक शब्द नाही.

आणि त्या दिवसापासून सासूने सुनेशी बोलणं टाकलं.

टाकलं म्हणजे भांडून नव्हे. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण निदान मिटवता येतं. नूतनने स्वयंपाकघरातून "आई" म्हणून हाक मारावी आणि कुंदाबाईने पाठमोरी बसून तांदूळ निवडत राहावं. "आई, चहा ठेवू?" उत्तर नाही. "आई, दळण आणू का?" उत्तर नाही. पण ओसरीवरून सासरे चुडामणभाऊ, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, मळणीयंत्रासारख्या आवाजात गरजले, "हितेनची माय, पानी आन वं!" की ही तांब्या घेऊन उभी. हितेंद्र कामावरून आला की त्याच्याशी गप्पा. शेजारच्या लताबाईचा आवाज बाप्यासारखा भरड, ती कुंपणावरून बोलायला लागली की कुंदाबाई तासभर मान डोलवायची. एकदा तर कुकरच्या इतक्या शिट्ट्या झाल्या की डाळ करपून कोळसा झाली, आणि कुंदाबाई शेगडीपासून चार हातांवर बसलेली! नूतनला वाटलं, मुद्दाम. डाळ करपली की बोल सुनेला, दुसरं काय.

नूतनही काही कमी मानी नव्हती. तिने दोनदा हाक मारायचा नेम केला, तिसऱ्यांदा नाही. मग दोनदाचीही एकदा झाली. मग ती सकाळपासून कानांत नळ्या घालूनच वावरायला लागली. तुम्हाला बोलायचं नाही ना, मग मलाही ऐकायचं नाही. कधीमधी मान वर केली की कुंदाबाई त्या नळ्यांकडे बघत असलेली दिसायची. त्या बघण्यात राग होता की काय होतं, ते नूतनने शोधायला जायचं नाही असं ठरवलं होतं.

दिवाळी झाली आणि तिने हितेंद्रला सांगून टाकलं, "आपण जळगावात राहू."

हितेंद्र जळगावला एका कारखान्यात कामाला, रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन करायचा. म्हणजे कारण हाताशी होतंच. त्याचा जीव मात्र खालीवर झाला. "अगं, आईला काय वाटेल?"

"आईंना बरंच वाटेल. श्रावणापासून बोलल्या नाहीत माझ्याशी."

"तिचा स्वभाव नाही गं तसा."

"मग विचार तूच. तुझं ऐकू येतं त्यांना."

हे ती टोमण्याने म्हणाली. बिचारीला काय ठाऊक, आपण केवढं खरं बोलून गेलो ते.

हितेंद्रने विचारलं नाही. त्याने जळगावातच मेहरूणला तलावाच्या बाजूला दोन खोल्या पाहिल्या आणि मालकाशी फोनवर बोलून पक्क्या केल्या. पौषात कोणी घर हलवत नाही, म्हणून पौष संपला की जायचं ठरलं. घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. पण हितेंद्रचा आवाज बापाचा, तो फोनवर कुजबुजला तरी गोठ्यापर्यंत जायचा. आठवडाभरात कुंदाबाईने माळ्यावरून मोठे डबे काढले आणि उन्हाळ्यात केलेले बिबडे, कुरडया, वर्षाचा मसाला निम्मा निम्मा करून भरायला घेतला. नूतनने ते पाहिलं आणि नळ्या कानात आणखी आत खुपसल्या. घालवायची इतकी घाई?

मग आला मार्गशीर्षातला तो रविवार. हितेंद्रच्या कारखान्यातले मित्र बायका-पोरांसह मळ्यात भरीत खायला आले. थंडीत खानदेशात दुसरा सण नाही. कापसाच्या काड्या रचून त्यात हिरवी, लांबडी वांगी भाजायला घातली. बायका पुऱ्या लाटत होत्या. हितेंद्रने दणदणीत स्पीकर आणला होता आणि मित्र त्यावर लग्नातली अहिराणी गाणी लावून नाचत होते. कुंदाबाई एका बाजूला पाटावर बसून भाजलेल्या वांग्यांची सालं काढत होती, कोणाकडे न बघता.

नूतन केळीच्या बागेच्या कडेला जरा दूर होती. एक गाणं संपलं, मित्राने आपला मोबाइल काढून घेतला, स्पीकर गप्प झाला. नेमक्या त्याच वेळी नूतनने कानात नळ्या घालून आपला घोडेवाला लावला. पण मोबाइलला वाटलं बाईंना स्पीकरच हवा आहे. आदल्या दिवशी हितेंद्रने तो तिच्याच मोबाइलला जोडून तपासला होता ना! दुसऱ्या क्षणी त्या पठारावरचा तो घोडेवाला अख्ख्या मळ्यात पोटातून घुमायला लागला. पुऱ्या तळणारी बाई झारा टाकून उठली. एक लहान मूल रडायला लागलं. मित्र पोट धरून हसायला लागले, "हितेंद्र, काय लावलंस रे? ट्रॅक्टर गातोय का?"

नूतनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मोबाइलवर बोट सापडेना म्हणून ती धावत स्पीकरपाशी आली. वाटेत कुंदाबाई. आणि कुंदाबाई हातातलं वांगं तसंच धरून इकडेतिकडे बघत होती. तिचा चेहरा उजळला होता.

"हाऊ कोन गाई ऱ्हायना?" तिने विचारलं.

नूतन तिच्या मागेच उभी होती, हातभर अंतरावर. ओशाळून म्हणाली, "आई, ते माझं आहे. चुकून लागलं. बंद करते."

कुंदाबाईने मान वळवली नाही. स्पीकरकडे बघत पुन्हा विचारलं, "कोन गास हाऊ? पोटमाईन गास. भलता चांगला गास."

नूतन स्पीकर बंद करायचं विसरली. सासू तिच्याशी बोलत नव्हती हे ठीक. पण आत्ता तिच्याच कानाशी उत्तर मिळालं असताना माणूस तोच प्रश्न पुन्हा कशाला विचारेल? रागावलेलं माणूस उत्तर ऐकून तोंड फिरवतं. हिने ऐकलंच नव्हतं.

त्या दिवशी भरीत छान झालं होतं म्हणतात. नूतनला चव कळली नाही. ती मनात हिशेब मांडत होती. नानांचा आवाज ऐकू येतो. हितेंद्रचा येतो. लताबाईचा येतो. म्हैस हंबरली की कळतं. कुकरची शिट्टी नाही. मोबाइलची घंटी नाही. चिमण्या तांदळात येऊन बसल्या तरी नाही. बांगड्या नाहीत. आणि सून नाही. जाड ते सगळं येत होतं, बारीक ते सगळं गळून पडत होतं. कानबाईच्या दिवशी घसा बसला नव्हता. मागून ओढणाऱ्या बायकांचे सूर ऐकू येईनात, म्हणून ती बाई कोपऱ्यात जाऊन बसली होती. आणि आपण समोर बसून गायलो, तेव्हा तिला आपले नुसते ओठ हलताना दिसले असतील. नूतनला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या रात्री तिने कानात नळ्या घातल्याच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, मोठ्याने बोलायचं! पण पहूरच्या गल्लीत सुनेने सासूवर आवाज चढवला की तो चार घरांत जातो आणि सहाव्या घरी पोचेपर्यंत सुनेच्या हातात लाटणं आलेलं असतं. आणि सासूला काय वाटेल? ज्या बाईने इतके महिने कोणाला पत्ता लागू दिला नाही, तिला चव्हाट्यावर "तुम्हाला ऐकू येत नाही" म्हणायचं? शिवाय नूतनने गोठ्यात मोठ्याने बोलून पाहिलं, तर तिचा आवाज मोठा होताना आणखीच बारीक झाला. मग तिला घोडेवाला आठवला. त्याचा आवाज मोठा नव्हताच मुळी. तो खाली होता.

मोबाइलवर काय शिकायला मिळत नाही! एक दाढीवाला तरुण त्या गाण्याचे धडेच देत होता. हनुवटी खाली, घसा सैल, छातीवर हात ठेवा, छाती थरथरली पाहिजे. नूतन घरात "आऽऽ" करून बघायला गेली तर लताबाई कुंपणावरून म्हणाली, "काय व नूतन, सर्दी झाली का तुले? गरम पानी पे." तेव्हा तिने मळ्यात जायचं ठरवलं. दुपारी म्हशीसाठी गवत आणायचं निमित्त. केळीच्या आत शिरलं की बाहेरचं जग संपतं, वर पानांचं छत, खाली ठिबकच्या नळ्या. तिथे खाली बसून ती त्या दाढीवाल्यासमोर हनुवटी पाडायची आणि खर्जात हाक मारायची, "आऽऽऽई." पहिल्यांदा खोकला आला. मग बेडूक आला. पण ती रोज जात राहिली आणि हळूहळू छाती थरथरायला लागली.

अशाच एका दुपारी लताबाई बांधावरून चालली होती. केळीतून तिला घुरघुर ऐकू आली. मोठी, खोल, थांबून थांबून. आता जळगाव जिल्ह्यात केळीत घुरघुर ऐकू आली तर शहाण्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. लताबाई डोक्यावरची पाटी टाकून गावाकडे पळत सुटली.

"बिबट्या! चुडामणभाऊच्या केळीत बिबट्या हाये!"

त्या भरड आवाजाने अर्धं गाव गोळा झालं. बाप्ये काठ्या, कुऱ्हाडी, रिकामे डबे घेऊन बांधावर उभे राहिले आणि डबे बडवायला लागले. आत जायची बात कोणी काढेना. "वनखात्याले फोन करा," एक म्हणाला. "आधी तू जाऊन पाह्य ना भो," दुसरा म्हणाला. हितेंद्र कामावर होता. नाना घोळक्यात उभे राहून कोणाला तरी सांगत होते, "आमची सून आताच गवताले आली हाये. याच बाजूले आली."

कुंदाबाई मागे उभी होती. नवऱ्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. आणि तिला आणखी एक आवाज ऐकू आला, केळीतून येणारा. तिने शेजारच्या माणसाच्या हातातला विळा हिसकावला, पदर कमरेला खोचला आणि कोणी हां-हां म्हणेपर्यंत ती केळीत शिरली. "हितेनची माय!" नाना ओरडले. तेही तिला ऐकू आलं असणार. ती थांबली नाही.

नूतनला डब्यांचा गोंगाट ऐकू आला होता, पण कोणी तरी वानरं हाकलत असेल म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. तिने डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि पोटातून हाक काढली. "आऽऽऽई."

पानं फाटल्याचा आवाज झाला. तिने डोळे उघडले. समोर कुंदाबाई उभी, हातात उगारलेला विळा, केस सुटलेले, चप्पल एकाच पायात. दम लागून छाती भात्यासारखी हलत होती. तिने नूतनच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. मग विळा टाकला आणि नूतनला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं.

"कोठे शे तो? तुले लागनं का? कोठे शे?"

"कोण, आई?" नूतन म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं की आपण पुन्हा बारीक बोललो. कुंदाबाई तिच्या ओठांकडे बघत होती, जीव डोळ्यांत आणून. इतके महिने ती अशीच बघत होती आणि नूतनला ते शून्य वाटलं होतं.

नूतनने हनुवटी खाली घेतली. "आई, बिबट्या नाही. मीच होते. तुम्हाला हाक मारत होते."

कुंदाबाईचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला.

"ऐकू उनं," ती म्हणाली. मग मटकन खाली बसली. "तुन्हा आवाज ऐकू उना माले, पोरी."

आणि ती रडायला लागली. नूतनही रडायला लागली, पण बेतानं, आवाज चढून बारीक होऊ नये म्हणून. दोघी केळीच्या बुंध्याशी ओल्या मातीत बसल्या होत्या. कुंदाबाई डोळे पुसत, तुटक तुटक सांगत होती. "सावनफाईन तू मन्हासंगे बोलनीच नही. नुसती कानमा नळ्या. माले वाटनं, हाई पोरगी माले कटाळनी. हितेन फोनवर म्हने, मेहरूणले खोली शे. बठ्ठं ऐकं मी. मंग म्हनं, जातीस ते जाऊ दे, पन खावाले ते बरं ऱ्हाव."

"मी बोलत होते, आई. रोज बोलत होते. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. तुम्ही का नाही सांगितलं?"

"काय सांगू? बहिरी व्हयनी म्हनीसन?" कुंदाबाईने नाक शिंकरलं. "तू शिकेल पोर. म्हनशी, म्हतारी काही कामनी नही."

नूतनने सासूचा मातीने भरलेला हात आपल्या छातीवर ठेवला, थरथर कळावी म्हणून, आणि जितकं खाली जाता येईल तितकं खाली जाऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आई, मी मेहरूणला जात नाही."

कुंदाबाई तिच्याकडे बघत राहिली.

"काय म्हनं?"

"मी मेहरूणला जात नाही. इथेच राहणार."

"काय म्हनं?"

नूतनने तिच्या डोळ्यांत पाहिलं. सासूला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द आला होता. तरीही तिने श्वास भरून घेतला आणि तिसऱ्यांदा सांगितलं. बाहेर बांधावर माणसं अजून डबे बडवत होती.